इंजिन ट्यूनिंग, गाडीनिहाय

बदल केलेल्या मोटारगाडीतील भाग, तिला मिळणारे इंधन आणि ती जेथे चालते तेथील हवा यांना धरून इंजिनाचे इंधन, ठिणगीची वेळ व टर्बो (बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर इंजिनात अधिक हवा दाबून भरणारा पंप) असल्यास हवेचा दाब यांची मूल्ये ठरवून देण्याची क्रिया. गॅरेजच्या बोलीत तिला ‘कस्टम ट्यून’, ‘मॅपिंग’ किंवा ‘रिमॅप’ म्हणतात. ‘स्टेज वन’ नावाने भरली जाणारी तयार फाइल यात मोडत नाही. ती एका मॉडेलच्या सर्व गाड्यांसाठी एकदाच लिहिलेली असते आणि समोरच्या गाडीचा एक इंजेक्टर (इंधन फवारणारी तोटी) कमी फवारतो की काय, हे तिला ठाऊक नसते. प्रस्तुत नोंदीत नाशिकची परिस्थिती विशेष लक्षात घेतली आहे. शहर समुद्रसपाटीपासून सु. ६०० मी. उंचीवर आहे, उन्हाळ्यात तापमान ४० अंश से. ओलांडते, हिवाळ्यात १० अंशांखाली उतरते आणि कसारा घाट उतरून ठाणे-मुंबईकडे गेले की काही तासांत हवेचा दाबच बदलतो.

प्रारंभ : या क्रियेचा आरंभ कोठून धरावा याविषयी मतभेद आहेत. एक मत तो कॅलिफोर्नियातील हॉट-रॉड (वेगासाठी बदललेल्या जुन्या गाड्या) मंडळींपर्यंत नेते. मुरॉकच्या कोरड्या तलावावर १९३० च्या दशकात वेगाच्या शर्यती होत आणि त्यांचे नियमन करणारी संघटना १९३७ मध्ये स्थापन झाली. कार्ब्युरेटरचे जेट (इंधनाचे छिद्र) बदलणे, डिस्ट्रिब्युटर फिरवून टायमिंग (ठिणगीची वेळ) पुढे घेणे, हेड घासून कॉम्प्रेशन वाढवणे ही कामे तेव्हाही एकेका गाडीपुरतीच होत. दुसरे मत इलेक्ट्रॉनिक इंधन-फवारणीपासून गणना करते. पण त्यातही तारखांचा घोळ आहे. बेन्डिक्स कंपनीची इलेक्ट्रोजेक्टर ही प्रणाली १९५८ सालच्या काही क्रायस्लर गाड्यांत प्रथम बसली, मात्र ती थोड्याच गाड्यांत आली आणि टिकली नाही. बेन्डिक्सच्या पेटंटांचा आधार घेऊन बॉशने डी-जेट्रॉनिक प्रणाली १९६७ मध्ये फोक्सवॅगन १६०० मध्ये आणली. या दोन्हींतील मूल्ये विद्युत्‌मंडलातच बांधलेली होती. ती बदलायची म्हणजे मंडलातले भाग बदलायचे. बॉशच्या मोट्रॉनिक प्रणालीत (१९७९, बीएमडब्ल्यू ७३२आय) इंधन आणि ठिणगी यांचा हिशेब एकाच अंकीय संगणकाकडे आला व मूल्ये तक्त्यांच्या रूपात स्मृतिचिपमध्ये साठवली गेली. चिप काढून दुसरी बसवता येऊ लागली, म्हणून ‘चिप मारणे’ हा प्रयोग रूढ झाला. आजच्या अर्थाने ट्यूनिंग १९७९ नंतरचे मानणे अधिक ग्राह्य वाटते. जेट बदलला की मिश्रण बऱ्याच मोठ्या पट्ट्यात एकदम बदलते. मिनिटाला ३,००० फेरे आणि अर्धा भार यापुरतेच दोन अंश टायमिंग कमी करणे तक्ता हाती आल्यावरच शक्य झाले. पुढे चिप न काढता स्टीअरिंगखालच्या १६ पिनांच्या निदान-सॉकेटमधून फाइल भरण्याची पद्धत आली. भारतात कार्ब्युरेटर मागे पडला तो २००० नंतरच्या उत्सर्जन-मानकांमुळे.

नाशिकमध्ये या कामाला पोषक अशी यांत्रिक कारागिरी आधीपासून आहे. सातपूरला महिंद्राचा मोटार कारखाना व बॉशचा डिझेल नोझल-इंजेक्टरचा कारखाना आहे. बॉशच्या मायको या जुन्या नावावरूनच मायको सर्कल ओळखले जाते. बोअरिंग, होनिंग, हेडचे फेसिंग यांसाठी अंबड-सातपूरची मशीन शॉप उपयोगी पडतात. राष्ट्रीय रॅली मालिकेची महाराष्ट्रातील फेरीही नाशिक परिसरात झालेली आहे.

हवा : नाशिकला हवेचा दाब सु. ९४ किलोपास्कल असतो, मुंबईला सु. १०१. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद येथे त्याच प्रमाणात, म्हणजे सहा-सात टक्क्यांनी, घटते. ती ट्यूनिंगने परत येत नाही. टर्बो इंजिनात ही तूट टर्बो भरून काढतो, पण त्याची किंमत मोजावी लागते. मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळीत) २०० किलोपास्कल निरपेक्ष (निर्वातापासून मोजलेला) दाब हवा असेल, तर मुंबईत टर्बोच्या कॉम्प्रेसरला हवा १.९८ पट दाबावी लागते आणि नाशिकला २.१३ पट. टर्बोचे फेरे वाढतात, हवा अधिक तापते. आत जाणारी हवा १० अंशांनी तापली की तिची घनता सु. ३ टक्के कमी होते आणि नॉकिंगची (मिश्रण आपोआप पेटून इंजिन वाजण्याची) शक्यता वाढते. म्हणून समुद्रसपाटीवर लिहिलेली फाइल नाशिकच्या मे महिन्यात लहान टर्बोला त्याच्या मर्यादेबाहेर ढकलू शकते.

उलट दिशेची चूक अधिक वेळा घडते. वेस्टगेटच्या (टर्बोला वळसा देऊन धूर सोडणाऱ्या दाराच्या) झडपेला ठराविक ड्यूटी (उघडे राहण्याचे प्रमाण) देऊन बूस्ट (टर्बोने वाढवलेला दाब) सोडलेला असेल, म्हणजे संगणक प्रत्यक्ष दाब पाहून ती दुरुस्त करत नसेल, तर घाट उतरल्यावर त्याच ड्यूटीत सिलिंडरमध्ये अधिक हवा शिरते. टायमिंग नाशिकलाच नॉकिंगच्या कडेपर्यंत नेलेले असले, तर भिवंडीच्या रस्त्यावर इंजिन वाजू लागते. मुंबईची दमट हवा नॉकिंगला थोडा आवर घालते, पण त्यावर भिस्त ठेवू नये. बूस्टचे लक्ष्य निरपेक्ष दाबात लिहावे, वातावरणीय दाबाची दुरुस्ती-सारणी रिकामी सोडू नये आणि टायमिंगला कडेपासून निदान दोन अंशांची मोकळीक ठेवावी.

इंधन : शुद्ध पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनास वजनाने १४.७ पट हवा लागते, शुद्ध इथेनॉलला ९ पट. २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलसाठी (ई-२०) हे गुणोत्तर सु. १३.५ येते; म्हणजे तेवढ्याच हवेला सु. ९ टक्के अधिक इंधन. येथे मापकाविषयी मोठा गोंधळ होतो. वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर (धुरातील ऑक्सिजन जोखणारा) हे गुणोत्तर मोजतच नाही. तो लॅम्डा, म्हणजे पूर्ण ज्वलनाच्या मानाने हवा किती, एवढेच जाणतो. मापक त्याला १४.७ ने गुणून आकडा दाखवतो. म्हणून ई-२० वर मिश्रण अगदी बरोबर असतानाही काटा १४.७ दाखवतो, प्रत्यक्षात ते १३.५ असते. ‘ई-२० आहे, तर काट्यावर १३.५ आणू’ असे समजून इंधन वाढवले, की मिश्रण नाहक रिच (इंधन जास्त) होते, धूर येतो, प्लग काळे पडतात. यावर उपाय एकच : काम लॅम्डामध्ये करावे. पूर्ण भारावर टर्बो इंजिनाला ०.७८ ते ०.८५, टर्बो नसलेल्याला ०.८६ ते ०.९० ही मूल्ये इंधन कोणतेही असले तरी चालतात.

इंजेक्टरची निवड हिशेबानेच करावी. २०० अश्वशक्तीच्या टर्बो इंजिनाला ताशी सु. ५२ किग्रॅ. पेट्रोल लागते, चार सिलिंडरांत प्रत्येकी १३ किग्रॅ., म्हणजे मिनिटाला सु. २९० घ.सेंमी. इंजेक्टर ८५ टक्क्यांहून अधिक काळ उघडा ठेवू नये, म्हणून ३४० घ.सेंमी. आणि ई-२० साठी ३७० ते ३८०. फार मोठा इंजेक्टर घेतला तर आयडलवर (गाडी उभी, इंजिन चालू) त्याची फवारणी अस्थिर होते आणि गाडी सिग्नलला मिसिंग करते. ऑक्टेन हा वेगळा प्रश्न आहे. ऑक्टेन म्हणजे नॉकिंगला इंधनाचा विरोध; साधे पेट्रोल कमी ऑक्टेनचे असते, अधिक ऑक्टेनचे निवडक पंपांवर मिळते. मालक रोज जे भरणार तेच टाकीत असताना मॅप करावा. अधिक ऑक्टेनवर केलेल्या मॅपवर येवल्याच्या वाटेवर साधे भरले, तर नॉक सेन्सर टायमिंग मागे खेचत राहतो आणि गाडी मूळ अवस्थेपेक्षाही मंद चालते.

कामाचा क्रम : प्रथम इंजिन निरोगी आहे याची खात्री करावी. सिलिंडरांच्या कॉम्प्रेशनमधील फरक १० टक्क्यांच्या आत हवा, इंधनाची दीर्घकालीन दुरुस्ती (संगणक स्वतःहून करतो ती) ±५ टक्क्यांत हवी, इनटेकच्या पाइपांतून हवा गळता कामा नये. आजारी इंजिनावर मॅप लिहिणे म्हणजे बिघाडच कायम करणे. प्लग एक श्रेणी थंड (उष्णता लवकर बाहेर टाकणारा) घ्यावा व फट ०.६ ते ०.७ मिमी. ठेवावी, अधिक दाबात ठिणगी मोठी फट ओलांडत नाही. येथे एनजीके व बॉश यांचे क्रमांक उलटे चालतात हे विसरू नये : एनजीकेत मोठा आकडा थंड, बॉशमध्ये मोठा आकडा गरम.

मूळ फाइल वाचून दोन ठिकाणी जपून ठेवावी. फाइल भरताना बॅटरीला स्थिर विद्युत्‌पुरवठा जोडावा. साधा चार्जर व्होल्टेज वरखाली करतो आणि मध्येच व्होल्टेज पडले तर संगणक अर्धवट लिहिला जाऊन गाडी जागेवरच थांबते. नंतर इंजेक्टर व हवामापक यांची प्रमाणे बसवावीत, मग कमी भारावरचे इंधन, मग पूर्ण भारावरचे. बूस्ट त्यानंतर, टप्प्याटप्प्याने. टायमिंग सर्वांत शेवटी, एकेक अंशाने वाढवावे. टॉर्क वाढायचा थांबला की तेथेच थांबावे. त्यापुढचा अंश ताकद देत नाही, फक्त पिस्टनवरचा दाब वाढवतो. कमी ऑक्टेनवर बहुधा टॉर्क थांबण्याआधीच नॉकिंग सुरू होते, तेव्हा मर्यादा नॉकिंगची धरावी. डायनोमीटरवरच्या (ताकद मोजण्याच्या यंत्रावरच्या) प्रत्येक धावेपूर्वी ऑइल ९० अंशांच्या आसपास असावे आणि दोन धावांमध्ये इंटरकूलर (टर्बोतून आलेली हवा निववणारा भाग) थंड होऊ द्यावा, नाहीतर तिसऱ्या धावेत तापलेल्या हवेचेच मोजमाप होते.

बिघाड : पिस्टनला भोक पडणे हा सर्वांत परिचित शेवट. कारण बहुधा फाइलमध्ये नसून थकलेल्या इंधन पंपात असते. वरच्या फेऱ्यांत दाब पडतो, मिश्रण लीन (इंधन कमी) होते आणि काही सेकंदांत पिस्टनचा माथा वितळतो. म्हणून इंधनदाबाची नोंद लॉगमध्ये असलीच पाहिजे. थेट फवारणीच्या (सिलिंडरमध्येच इंधन सोडणाऱ्या) लहान टर्बो इंजिनांत कमी फेऱ्यांवर अति टॉर्क मागितला तर ठिणगीआधीच मिश्रण पेटते व पिस्टनची रिंग-लँड (रिंगांमधली कड) तुटते. अशा इंजिनांत २,००० फेऱ्यांखाली बूस्ट आवरावा आणि एपीआय एसपी दर्जाचे ऑइल वापरावे. गिअरबॉक्सची मर्यादाही पाहावी. १.२ लिटरच्या पोलो जीटी टीएसआयमधील सात गतींचा कोरड्या क्लचचा डीक्यू२०० गिअरबॉक्स २५० न्यूटन-मीटरसाठी आखलेला आहे. मूळ इंजिन १७५ न्यूटन-मीटर देते, म्हणून वाव दिसतो; पण कसाऱ्याच्या चढावर गर्दीत रांगताना क्लच तापतो तो टॉर्कच्या आकड्याने नव्हे, सततच्या घसरणीने. डिझेल गाड्यांत धूर आणि सीएनजीत झडपांच्या बैठकांची झीज या मुख्य तक्रारी होत.

मोजणी : डायनोमीटरच्या कागदावरचा आकडा हा या क्षेत्रातील सर्वाधिक वादाचा विषय. यंत्र चाकावरची ताकद मोजते आणि मग ती प्रमाणित हवामानाला दुरुस्त करून छापते. अमेरिकी एसएई संस्थेचे जे१३४९ हे मानक २५ अंश व ९९ किलोपास्कल कोरडी हवा धरते. जुने जर्मन मानक २० अंश व १०१.३. नाशिकला मे महिन्यात ३८ अंश तापमानात जे१३४९ नुसार गुणक १.१० च्या आसपास येतो, म्हणजे प्रत्यक्ष १८० अश्वशक्ती कागदावर १९८ होतात. टर्बो नसलेल्या इंजिनाला ही दुरुस्ती योग्यच आहे. निरपेक्ष दाबावर चालणाऱ्या टर्बो इंजिनाने मात्र उंचीची तूट आधीच भरून काढलेली असते. त्याच्यावर पूर्ण गुणक लावणे म्हणजे तीच तूट दोनदा भरणे. काही जण तरीही गुणक लावतात, तुलना सोपी जाते म्हणून. टर्बो गाडीसाठी दुरुस्ती न केलेला आकडा, तापमान व दाब यांच्या नोंदीसह देणे अधिक प्रामाणिक होय. चाकावरच्या आकड्यात सरसकट १५ टक्के मिळवून इंजिनाची ताकद सांगण्याची प्रथाही अशीच सैल आहे.

कायदा : मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याने मूळ नमूद केलेल्या तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच उचलून धरले. कलम १८२अ नुसार मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, अथवा दोन्ही होऊ शकते. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर शुद्ध करणारा भाग) काढलेली गाडी पीयूसी चाचणीत सहसा टिकत नाही : बीएस-४ व बीएस-६ पेट्रोल गाड्यांना आयडलवर कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के व वाढीव फेऱ्यांवर ०.२ टक्क्यांपर्यंतच चालतो, आणि तेव्हा लॅम्डा ०.९७ ते १.०३ मध्ये असावा लागतो. विमा कंपनीला न कळवलेला बदल दावा नाकारण्याचे कारण ठरू शकतो. बंदिस्त ट्रॅकवरच वापरायच्या गाड्यांना स्पर्धेचे स्वतंत्र नियम लागू होतात. अशी गाडी स्पर्धेच्या ठिकाणी ट्रेलरवरूनच नेतात.