सीमेवर थांबणारं ओळखपत्र

अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात डॉक्टरांच्या शिफारशीवर गांजाचं तेल घेणारा रुग्ण महामार्ग ८४ वरून स्नेक नदी ओलांडून आयडाहोत शिरला, की त्याच्या औषधी गांजाच्या ओळखपत्राला काडीची किंमत राहत नाही. आयडाहोत औषधी गांजालाही मुभा नाही. नेवाडासारखी काही राज्यं परराज्यातलं ओळखपत्र मानतात, पण तिथेही सोबत बाटली नेणं केंद्रीय कायद्याने गुन्हाच. खरेदी तिथे पोचल्यावर करायची.

याचं मूळ १९७० च्या अंमली पदार्थ कायद्यात आहे. त्याने गांजा पहिल्या अनुसूचीत टाकला, म्हणजे ‘मान्य औषधी उपयोग नाही’ अशा पदार्थांत. म्हणून डॉक्टरला गांजाचं प्रिस्क्रिप्शन लिहिता येत नाही, फक्त शिफारस करता येते. प्रिस्क्रिप्शनचं औषध रुग्णाबरोबर देशभर फिरतं. शिफारस मात्र राज्यापुरतीच.

तरी याच केंद्र सरकारने काही रुग्णांना स्वतः गांजा पुरवला. काचबिंदूचे रुग्ण रॉबर्ट रँडल यांनी १९७६ मध्ये न्यायालयात ‘वैद्यकीय गरज’ सिद्ध केली आणि १९७८ पासून एका खास योजनेत मोजक्या लोकांना मिसिसिपी विद्यापीठात पिकवलेल्या गांजाच्या विड्या पत्र्याच्या डब्यातून मिळू लागल्या. एड्सच्या रुग्णांचे अर्ज वाढले आणि १९९२ मध्ये नव्यांसाठी दार बंद झालं. ज्यांना सर्वांत जास्त गरज होती, त्यांच्याच तोंडावर ते बंद झालं, हे मला आजही क्रूर वाटतं.

१९९६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी औषधी गांजाला मुभा देणारा प्रस्ताव २१५ मंजूर करून आपल्या राज्यापुरता मार्ग काढला. केंद्राने तो मानला नाही. ऑगस्ट २००२ मध्ये पाठदुखीने त्रस्त डायन मॉन्सन यांच्या घरी अधिकारी आले. राज्याच्या कायद्यात सगळं बसतं, असं काउंटीच्या पोलिसांचं मत पडलं. केंद्राच्या अधिकाऱ्यांनी तरीही त्यांची सहा झाडं उपटून नेली. ती झाडं विकायची नव्हती, राज्याबाहेर जायचीही नव्हती. पण जून २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी म्हटलं, की घरच्या वापराचं पीकही देशव्यापी बाजारावर परिणाम करतं, म्हणून आंतरराज्य व्यापाराच्या अधिकारात केंद्र त्यावर बंदी घालू शकतं. १९४२ च्या एका निकालात, स्वतःसाठी गहू पिकवणाऱ्या शेतकऱ्याबाबत, हाच युक्तिवाद झाला होता. परसातलं झाडच जिथे आंतरराज्य ठरलं, तिथे सीमा ओलांडणाऱ्या रुग्णाने काय म्हणायचं?

२०१३ नंतर अपस्माराच्या मुलांना घेऊन अनेक कुटुंबं कोलोरॅडोत राहायला गेली. तिथलं गांजाचं तेल गावी नेणं बेकायदा, म्हणून घरच हलवलं. काही बाप नोकरीसाठी मागे राहिले. २०१४ च्या अर्थसंकल्पी तरतुदीने राज्यांच्या औषधी योजनांविरुद्ध केंद्राने पैसा खर्चण्यावर बंधन आलं, पण प्रवाशाला तिचा उपयोग नाही. २०१८ मध्ये गांजाच्याच झाडातून काढलेलं एपिडायोलेक्स हे अपस्माराचं औषध केंद्राने मंजूर केलं. ती बाटली प्रिस्क्रिप्शनसह विमानातूनही नेता येते.

विमानतळावर सुरक्षा तपासणी करणाऱ्या टीएसए या केंद्रीय यंत्रणेचे कर्मचारी गांजा शोधत नाहीत, पण सापडला तर पोलिसांना कळवतात. अमेरिकेतल्या मराठी मंडळींपैकी जे अजून तिथले नागरिक नाहीत, त्यांना धोका अधिक. राज्यात कायदेशीर असलेला गांजाही नागरिकत्वाच्या अर्जात आड येऊ शकतो, असं तिथल्या इमिग्रेशन खात्याने एप्रिल २०१९ मध्ये स्पष्ट केलं. व्हिसावर किंवा ग्रीनकार्डावर असणाऱ्याने प्रवासाआधीच नव्हे, औषधी ओळखपत्रासाठी अर्ज करण्याआधीच इमिग्रेशनच्या वकिलाला विचारावं.