योहान याकोप शॉइख्त्सर

शॉइख्त्सर, योहान याकोप : (२ ऑगस्ट १६७२ – २३ जून १७३३). स्विस वैद्य, निसर्गाभ्यासक आणि जीवाश्मविज्ञानाच्या आरंभकाळातील महत्त्वाचे संशोधक. त्यांचा जन्म व मृत्यू झुरिक येथे झाला. उत्रेख्त येथून १६९४ मध्ये त्यांनी वैद्यकातील डॉक्टरेट मिळविली. पुढे आल्प्स पर्वतात त्यांनी अनेक वर्षे अभ्यासदौरे केले, वायुभारमापकाच्या साहाय्याने उंची मोजल्या आणि स्वित्झर्लंडचा मोठा नकाशा तयार केला.

खडकांत आढळणाऱ्या शिंपल्यांच्या, माशांच्या आणि पानांच्या आकृती म्हणजे निसर्गाची लीला होय, असे त्या काळी अनेक विद्वान मानीत आणि आरंभी शॉइख्त्सर यांचेही मत तेच होते. इंग्रज निसर्गाभ्यासक जॉन वुडवर्ड यांच्या ग्रंथामुळे त्यांचे हे मत पालटले. त्या ग्रंथाचा त्यांनी लॅटिन अनुवादही केला (१७०४). हे अवशेष एकेकाळी जिवंत असलेल्या जीवांचेच आहेत, आणि ते बायबलमधील महाप्रलयात गाडले गेले, असे ते यानंतर ठामपणे मांडू लागले. यातील पहिले विधान टिकले, दुसरे टिकले नाही. जीवाश्म वनस्पतींवरील त्यांचा सचित्र ग्रंथ १७०९ मध्ये प्रसिद्ध झाला; वनस्पतींच्या वाढीच्या अवस्थेवरून प्रलय वसंत ऋतूत झाला असावा, असा तर्क त्यांनी केला. तर्काचा पाया चुकीचा असला, तरी जीवाश्मावरून ऋतू ओळखू पाहण्याची ही दृष्टी त्या काळाच्या मानाने विलक्षण होती.

कॉन्स्टन्स सरोवराजवळील ओनिंगन (आता जर्मनीत) येथील खाणीत सापडलेला एक सांगाडा त्यांनी १७२६ मध्ये प्रलयात बुडालेल्या माणसाचा म्हणून जाहीर केला. रुंद कवटी, डोळ्यांच्या मोठ्या खोबणी आणि मणक्यांची रांग एवढेच त्यात स्पष्ट दिसत होते. पुढे हा नमुना नेदर्लंड्समधील हार्लेमच्या टेलर्स संग्रहालयात गेला. तेथे १८११ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ झॉर्झ क्यूव्हिए यांनी त्यावरील दगड काळजीपूर्वक कोरून काढला, तेव्हा आत दडलेले पुढचे पाय उघडे पडले आणि तो एक प्रचंड सॅलॅमँडर (पालीसारख्या आकाराचा शेपटीयुक्त उभयचर) असल्याचे निर्विवाद सिद्ध झाले. हा उभयचर प्राणी मायोसीन काळातील (सुमारे २·३ कोटी ते ५३ लाख वर्षांपूर्वीच्या) असून चीन व जपानमधील आजचे महासॅलॅमँडर त्याचे जवळचे नातलग आहेत. त्याचे शास्त्रीय नाव आंद्रियास शॉइख्त्सेराय असे आहे. त्यातील पहिल्या पदाचा अर्थ मानवाची प्रतिमा असा होतो, तर दुसऱ्यात शॉइख्त्सर यांचे नाव आहे.