फवारणीआधीचं रक्त

2017 च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-मजूर दगावले. राज्य सरकारने पाच कीटकनाशकांवर 60 दिवसांची बंदी घातली. साठच का? 1968 च्या कीटकनाशक कायद्याने राज्याच्या हाती तेवढंच दिलंय, फार तर आणखी 30 दिवस. कायमची बंदी केंद्राकडे. एरवी निरीक्षक कृषी केंद्रातून नमुना घेतो, त्याचे तीन भाग करतो, एक प्रयोगशाळेत धाडतो. म्हणजे तपासणी होते ती डब्यातल्या मालाची.

1971 च्या नियमांत माणसाचीही तपासणी आहे: ऑर्गनोफॉस्फेट गटातली कीटकनाशकं हाताळणाऱ्यांच्या रक्तातलं कोलिनेस्टरेज हे विकर (एन्झाइम) दर महिन्याला मोजायचं. वाडीवस्तीवरच्या रोजंदार मजुराचं ते कोण मोजतो, हे विचारायलाच नको.

हे विकर काय करतं? मज्जातंतूच्या टोकाला अ‍ॅसिटिलकोलिन हे संदेशवाहक रसायन सुटलं की स्नायू आखडतो. विकराचा एकेक रेणू सेकंदाला हजारो रेणू तोडून तो सैल करतो. मोनोक्रोटोफॉस किंवा प्रोफेनोफॉससारखं ऑर्गनोफॉस्फेट विकराच्या नेमक्या तोडण्याच्या खाचेत फॉस्फरसचा तुकडा अडकवतं. अ‍ॅसिटिलकोलिन साचतं: डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी, लाळ, घाम, छातीत घरघर. सुरुवातीला प्रॅलिडॉक्झिम या औषधाने तो तुकडा निघू शकतो. मोनोक्रोटोफॉसच्या बाबतीत काही तासांतच तो पक्का बसतो. मग लाल पेशींतलं विकर भरून येतं ते नव्या पेशी तयार होतील तसं, रोज साधारण एक टक्का. दूध-ताक पाजून विष उतरत नाही, उलट्या छातीत जाण्याचा धोका तेवढा वाढतो.

आता गोम अशी की निरोगी माणसांतही रक्तातल्या या विकराची पातळी खूप वेगवेगळी असते. एखाद्याची तीस टक्क्यांनी घसरली तरी अहवालावर ‘नॉर्मल’च छापून येतं. म्हणून तुलनेसाठी पहिलं रक्त फवारणीच्या हंगामाआधी, मे-जूनमध्येच घ्यावं लागतं. कॅलिफोर्नियात स्वतःच्या मूळ पातळीच्या 80 टक्क्यांखाली गेलं की कामाची पद्धत तपासतात. लाल पेशींतलं 70 खाली गेलं की फवारणी बंद, पुन्हा 80 वर येईपर्यंत. बोट टोचून रक्त घेताना हात आधी साबणाने धुवायला हवेत. कातडीवरचं फवारणीचं औषध थेंबात मिसळलं तर आकडा खोटाच खाली दिसतो.

ही चाचणी सगळं पकडत नाही. यवतमाळच्या बंदीत फिप्रोनिल-इमिडाक्लोप्रिड आणि डायफेन्थियुरॉनही होते. त्यांचा या विकराशी संबंध नाही, त्यांच्यावर अ‍ॅट्रोपिन हा ऑर्गनोफॉस्फेटवरचा उतारा चालत नाही. डॉक्टरला हे कळायला रुग्णासोबत डबा न्यावा, लेबलासकट. दोन-तीन औषधं एकाच पंपात कालवली असतील तर सगळेच डबे.