सिलिकॉन सोलर सेलवरचे पातळ थर

सिलिकॉनच्या सोलर सेलवर एक-दोन नॅनोमीटरपासून शंभरेक नॅनोमीटरपर्यंत जाडीचे जे थर चढवतात त्यांची ही नोंद. कॅडमियम टेल्युराइडचे वगैरे थिन फिल्म सेल वेगळे, इथे वीज बनवतो तो सिलिकॉनचा वेफरच, म्हणजे पातळ चकती, साधारण दीडशे मायक्रॉन जाड. पण गेल्या तीस-चाळीस वर्षांत एफिशियन्सी (पडलेल्या उजेडातल्या किती टक्के ऊर्जेची वीज होते ते) जी वाढली त्यात या थरांचा वाटा फार मोठा आहे आणि त्याबद्दल बोललं मात्र कमी जातं.

पॉलिश केलेलं सिलिकॉन आरशासारखं चमकतं, पडलेल्या उजेडातला तीस टक्क्यांहून जास्त उजेड परत जातो. म्हणून वेफरवर आधी अल्कलीने बारीक पिरॅमिड उठवतात आणि मग सिलेन (सिलिकॉन-हायड्रोजनचं संयुग) आणि अमोनिया गॅसच्या प्लाझ्मामधून सिलिकॉन नायट्राइडचा साधारण 75 नॅनोमीटरचा थर बसवतात. या थराचा अपवर्तनांक (उजेड त्यात किती पट हळू जातो तो आकडा) 2 च्या आसपास, त्यामुळे 600 नॅनोमीटरच्या उजेडासाठी थराच्या वरून आणि खालून परतणाऱ्या लाटा एकमेकींना खोडून काढतात. निळा उजेड मात्र थोडा परत येतो, छपरावरचं पॅनल निळं दिसतं ते यामुळेच, आणि थर पातळ पडला तर सेल जांभळट दिसायला लागतो.

दुसरं काम पॅसिव्हेशनचं, म्हणजे पृष्ठभाग शांत करण्याचं, आणि माझ्या मते खरी गंमत इथेच आहे. वेफरच्या पृष्ठभागावर अणूंचे बंध अर्धवट सुटलेले असतात, तिथे इलेक्ट्रॉन आणि होल (इलेक्ट्रॉनची रिकामी जागा) भेटून वीज न बनताच संपून जातात. नायट्राइडमधला हायड्रोजन हे बंध भरतो. मागच्या बाजूला ॲल्युमिनियम ऑक्साइड लावतात, त्यात कायमचा निगेटिव्ह चार्ज असतो म्हणून तो इलेक्ट्रॉनला पृष्ठभागापासून लांब ढकलतो. मागची बाजू अशी झाकायची आणि धातूचा कॉन्टॅक्ट थोड्याच जागी ठेवायचा हीच पर्क (PERC) नावाच्या सेलची कल्पना, ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठात मार्टिन ग्रीन यांच्या गटाने 1989 मध्ये 22.8 टक्क्यांचा असा सेल दाखवला होता, पण कारखान्यात तो मोठ्या प्रमाणावर यायला पुढे वीसेक वर्षं गेली.

टॉपकॉन (TOPCon) या त्यानंतरच्या सेलमध्ये धातू आणि वेफर यांच्यामध्ये दीडेक नॅनोमीटरचा ऑक्साइड आणि त्यावर डोप केलेलं (मुद्दाम थोडी भेसळ घातलेलं) पॉलिसिलिकॉन असतं, इलेक्ट्रॉन ऑक्साइडमधून टनेल होऊन, म्हणजे अडथळ्यातून आरपार जातात (जर्मनीतली फ्राउनहोफर आयएसई ही संशोधन संस्था, 2013). जपानच्या सान्यो कंपनीने त्याच्या बऱ्याच आधी अमॉर्फस (अणूंची नीट रचना नसलेल्या) सिलिकॉनचे थर लावून हेटरोजंक्शन, म्हणजे दोन वेगळ्या प्रकारच्या सिलिकॉनच्या जोडाचे सेल काढले, त्यात अडचण अशी की थर बसल्यावर साधारण 200 अंशांच्या वर तापवता येत नाही, त्यामुळे कॉन्टॅक्टसाठीची चांदीची पेस्टसुद्धा वेगळी लागते.

एकट्या सिलिकॉनची मर्यादा 29.4 टक्के धरतात. ती ओलांडायला वर पेरोव्स्काइट या दुसऱ्या उजेड शोषणाऱ्या पदार्थाचा थर देतात, तो निळा-हिरवा उजेड घेतो आणि लालसर व इन्फ्रारेड खाली सोडतो. चीनच्या लाँगी कंपनीने 2024 मध्ये असा 34.6 टक्क्यांचा टँडेम (एकावर एक दोन सेलचा) सेल जाहीर केला, आणि पवईला आयआयटी मुंबईतल्या एनसीपीआरई या सौर संशोधन केंद्रातही अशा टँडेमवर काम चालतं. पण हे रेकॉर्ड लॅबमधल्या छोट्या सेलचे. पेरोव्स्काइट ओल आणि उष्णतेने खराब होतं, आणि सिलिकॉन पॅनलला 25 वर्षांची वॉरंटी मिळते तेवढं ते टिकेल हे अजून सिद्ध झालेलं नाही.