बापाकडून आलं तरच चालणारं अक्षर

नर थोराड निवडला की पिल्लं थोराड होणार, ही समजूत फार जुनी आहे. ती सपशेल चुकीची नाही, आणि म्हणूनच ती इतकी चिवट आहे. पण तिच्या पोटात एक गृहीतक असतं: आकार नावाची एक गोष्ट असते आणि आईबाप ती पिल्लाला निम्मी निम्मी देतात. जनुकांची माहिती घरोघरी पोचली तरी हे गृहीतक गेलं नाही, त्याने फक्त भाषा बदलली. आता लोक ‘मोठेपणाचं जनुक’ आणि ‘बुटकेपणाचं जनुक’ असं बोलतात. जनावरांच्या आकाराची खरी गोष्ट याहून खूप गुंतागुंतीची आहे, आणि माझ्या मते कितीतरी सुंदरही आहे.

केंब्रिजमध्ये आर्थर वॉल्टन आणि जॉन हॅमंड यांनी केलेला एक प्रयोग १९३८ साली प्रसिद्ध झाला. शायर ही घोड्यांच्या सर्वांत अवाढव्य जातींपैकी एक, तर शेटलंड पोनी सर्वांत ठेंगण्यांपैकी. या दोघांनी कृत्रिम रेतनाने दोन्ही बाजूंनी संकर घडवला. एकदा आई शायर आणि बाप शेटलंड, एकदा याच्या उलट. दोन्हीकडच्या शिंगरांमध्ये दोन्ही जातींची जनुकं जवळपास निम्मी निम्मी होती. तरीही शायर घोडीच्या पोटचं शिंगरू जन्मताना शेटलंड घोडीच्या शिंगराच्या सुमारे तिप्पट वजनाचं होतं. गर्भाला मिळणारी जागा आणि वारेतून मिळणारं पोषण यांनी जन्माच्या वेळचा आकार आखून दिला होता, आणि त्यातला फरक शिंगरं मोठी झाल्यावरही पूर्ण पुसला गेला नाही. म्हणजे आकाराचा हिशेब निव्वळ जनुकांच्या बेरजेने जुळत नाही.

ती बेरीजही सोपी नाही. २०१८ मध्ये ५८,२६५ गुरांच्या उंचीचा आणि जनुकसंचाचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात उंचीशी संबंध असलेले १६३ पट्टे सापडले, आणि त्या सगळ्यांनी मिळून उंचीतल्या फरकाचा जास्तीत जास्त १३.८ टक्के भाग उलगडला. बाकीचा फरक आहार, संगोपन आणि इतका बारीक परिणाम करणारी असंख्य जनुकं यांत विखुरलेला आहे की त्यातलं एकेक वेगळं पकडता येत नाही. माणसाच्या उंचीचं चित्र असंच आहे. २०२२ च्या अभ्यासात जनुकसंचातली सुमारे १२ हजार ठिकाणं निघाली. घोड्यांमध्ये मात्र २०१२ साली असं दिसलं की जातीजातींमधल्या आकाराच्या फरकापैकी ८३ टक्के भाग फक्त चार ठिकाणांनी उलगडतो. माणसाने घोड्यांच्या जाती घडवताना मोठा परिणाम करणारे मोजके बदल नेमके उचलले, असा याचा अर्थ लावता येतो.

अशा मोठा परिणाम करणाऱ्या बदलांपैकी मला सर्वांत विलक्षण वाटतो तो डुकरांमधला एक बदल. तो सविस्तर सांगतो.

स्वीडनमधल्या संशोधकांनी रानडुकराचा लार्ज व्हाइट या पाळीव जातीशी संकर केला. बेल्जियममधल्या दुसऱ्या गटाने पिएत्रँ या मांसल जातीचा लार्ज व्हाइटशी केला. नातवंडांच्या पिढीत कोणत्या गुणसूत्राचा कोणता तुकडा कोणाकडून आला हे तपासून त्यांनी मांस आणि चरबी मोजली. १९९९ मध्ये दोन्ही गटांचं बोट एकाच जागी टेकलं: दुसऱ्या गुणसूत्रावर, आयजीएफ-२ या जनुकापाशी. स्नायूंच्या प्रमाणातल्या फरकापैकी १५ ते ३० टक्के फरक या एका जागेमुळे पडत होता. पण तो तुकडा बापाकडून आला तरच. तोच तुकडा आईकडून आला तर पिल्लावर काहीच परिणाम नव्हता.

हे कसं शक्य आहे? शाळेत आपण शिकतो की प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईची आणि एक बापाची, आणि दोन्ही सारख्याच वाचल्या जातात. बहुतेक जनुकांबाबत हे खरं आहे. पण सस्तन प्राण्यांत शंभराच्या आसपास जनुकं अशी आहेत की अंडं किंवा शुक्रपेशी तयार होतानाच त्यांच्या डीएनएवर मिथाइल गटांच्या (छोट्या रासायनिक तुकड्यांच्या) खुणा बसतात आणि त्यानुसार पुढे दोनपैकी एकच प्रत वाचली जाते. याला जनुकीय ठसा म्हणतात. आयजीएफ-२ हे वाढीला चालना देणारं प्रथिन घडवणारं जनुक आहे आणि बहुतेक ऊतींमध्ये त्याची बापाकडची प्रतच चालू असते. उंदरांमध्ये हे १९९१ मध्ये दाखवलं गेलं होतं: बापाकडची प्रत निकामी केली तर पिल्लू नेहमीच्या सुमारे ६० टक्के वजनाचंच राहतं, आईकडची निकामी केली तर त्याला काही होत नाही. उत्क्रांतीचे अभ्यासक डेव्हिड हेग यांनी यामागे आईबापांच्या हितसंबंधांतली ओढाताण पाहिली. एका विणीतलं पिल्लू जास्त वाढलं तर बापाचा फायदा होतो, पण खर्च आईच्या अंगावर पडतो आणि तिला पुढची वेतंही काढायची असतात.

२००३ मध्ये त्या तुकड्याच्या आत शिरून नेमका बदल सापडला. प्रजेवरून ज्यांचा परिणाम पक्का ठाऊक होता, अशा गुणसूत्रांचा डीएनए अक्षर अक्षर वाचून ताडून पाहिला. मांसल आणि साधी अशा दोन्ही गटांना नेमकं वेगळं करणारा फरक एकच निघाला: जनुकाच्या तिसऱ्या इंट्रॉनमध्ये ३०७२ व्या जागी ‘जी’ ऐवजी ‘ए’ (डीएनए ज्या चार रासायनिक अक्षरांत लिहिलेला असतो त्यांतली ही दोन). इंट्रॉन म्हणजे प्रथिन बनवताना कापून टाकला जाणारा भाग. म्हणजे प्रथिनात काडीचाही बदल नाही! बदलतं ते फक्त हे की जनुक कुठे, कधी आणि किती वाचलं जावं. त्या जागी एरवी एक प्रथिन येऊन बसतं आणि जनुकाला ब्रेक लावतं. अक्षर बदललं की त्याला तिथे बसता येत नाही, आणि जन्मानंतर स्नायूंमध्ये आयजीएफ-२ चा संदेशवाहक आरएनए, म्हणजे प्रथिन बनवण्यासाठी काढलेली जनुकाची नक्कल, तिप्पट बनतो. गर्भावस्थेतल्या स्नायूत किंवा यकृतात असा फरक दिसत नाही.

हे ब्रेक लावणारं प्रथिन २००९ मध्ये ओळखलं गेलं, त्याचं नाव झेडबीईडी-६. ते मुळात जनुकसंचात उड्या मारत फिरणाऱ्या डीएनएच्या एका तुकड्यापासून आलं आहे. वार असलेल्या सस्तन प्राण्यांच्या पूर्वजांमध्ये हा तुकडा दुसऱ्या एका जनुकाच्या इंट्रॉनमध्ये येऊन अडकला, उडी मारण्याची ताकद गमावून बसला आणि इतर जनुकांवर नियंत्रण ठेवण्याच्या कामी आला. म्हणजे एका माजी उपऱ्याची पकड एका अक्षराने सुटली आणि डुक्कर मांसल झालं.

जन्मानंतर हा शब्द इथे फार महत्त्वाचा आहे. बेल्जियन ब्लू या गुरांमध्ये मायोस्टॅटिन हे स्नायूंची वाढ रोखणारं प्रथिन निकामी झालेलं आहे, त्याच्या जनुकातली ११ अक्षरं गळाली आहेत. तिथे परिणाम गर्भापासूनच सुरू होतो, वासरू जन्मतानाच जाडजूड असतं, आणि त्या गायींची बहुसंख्य बाळंतपणं शस्त्रक्रियेने करावी लागतात. गायीला असं कायम शस्त्रक्रियेवर अवलंबून ठेवणारी पैदास मला समर्थनीय वाटत नाही. डुकरातल्या बदलाने एकूण वजन फारसं हलत नाही, त्याच वजनात मांस वाढतं आणि चरबी घटते.

बापाच्या प्रतीचं हे वेगळेपण ऐकून एका जुन्या भ्रमाला पुन्हा पालवी फुटू नये, म्हणून एक गोष्ट सांगणं भाग आहे. मादीला एकदा हलक्या जातीचा नर लागला की तिची पुढची सगळी पिल्लं बाटतात, असं मानणारे अजून भेटतात. १८२१ मध्ये लॉर्ड मॉर्टन यांच्या घोडीची हकिगत छापून आली होती: आधी क्वागा या पट्टेदार प्राण्याशी संकर झाला, नंतर अरबी घोड्यापासून झालेल्या शिंगरांवरही पट्टे दिसले. डार्विननेही ती खरी मानली. १८९० च्या दशकात कॉसार युअर्ट यांनी झेब्रा आणि घोड्यांवर प्रयोग करून दाखवलं की पहिल्या नराचा असा कोणताही ठसा मागे राहत नाही. तसे फिकट पट्टे शुद्ध घोड्यांच्या शिंगरांवरही अधूनमधून उमटतात. जनुकीय ठसा त्या पिल्लाच्या प्रत्यक्ष आईबापांच्या बीजपेशींत लागतो आणि दर पिढीत पुसून नव्याने लागतो.

या पुसण्यामुळे वंशावळीत चमत्कारिक नक्षी उमटते. ‘ए’ अक्षर बापाकडून मिळालेली मादी स्वतः मांसल असते. तिने ते मुलाला दिलं तर मुलात ते गप्प राहतं, कारण त्याच्याकडे ते आईकडून आलेलं असतं. बाकी जनुकं सारखी धरली तर तो साध्या डुकरासारखाच दिसतो. पण त्याच्या शुक्रपेशींत तो आईचा ठसा पुसला जाऊन बापाचा लागतो, आणि त्याच्या सुमारे निम्म्या पिल्लांमध्ये अक्षर पुन्हा बोलू लागतं. अशा नराला नुसतं अंगावरून पारखलं तर तो हमखास बाद होतो. डीएनए चाचणीत एक ‘ए’ दिसला तरी एवढ्याने भागत नाही, तो कोणाकडून आला हे विचारावंच लागतं. म्हणूनच पैदासकारांना हे अक्षर नरांच्या वाणात दोन्ही प्रतींवर पक्कं करता येतं, म्हणजे बाजारात जाणाऱ्या प्रत्येक पिल्लाला ते बापाकडून मिळतंच. आणि माद्यांच्या वाणात मूळचं ‘जी’ राखता येतं. पिल्लांना दूध पाजताना डुकरिणीचा चरबीचा साठा झपाट्याने खर्च होतो, आणि ‘जी’ असलेल्या मादीच्या पाठीवर ती चरबी शिल्लक असते.