सुपरहिरोचं वजन: जुनी उड्डाणं अजून खरी का वाटतात

१९४१ साली 'ॲडव्हेंचर्स ऑफ कॅप्टन मार्व्हल' या बारा भागांच्या चित्रमालिकेत नायकाला उडवायचं होतं. हॉवर्ड आणि थिओडोर लायडेकर या भावांनी त्यासाठी कागदाच्या लगद्याचा, माणसाहून थोडा मोठा पुतळा बनवला. खांद्यांत आणि पोटऱ्यांत कप्प्या बसवल्या, त्यांतून तारा ओवल्या आणि त्या उतरत्या ताणून पुतळा स्वतःच्या वजनाने घसरू दिला. वर झेपावतानाचं दृश्य हवं असेल तेव्हा तोच पुतळा मागच्या बाजूने खाली सोडायचा आणि फिल्म उलटी चालवायची. उडी मारण्याचं आणि जमिनीवर उतरण्याचं काम डेव्ह शार्प हा स्टंटमन करत असे.

सात वर्षांनी आलेल्या 'सुपरमॅन' मालिकेत वेगळा मार्ग निवडला गेला. कर्क ॲलिन उडी घेण्याच्या पवित्र्यात येतो आणि पुढच्या क्षणी त्याच्या जागी हाताने रेखाटलेलं कार्टून आकाशात जातं. आज दोन्ही मालिका एकामागून एक पाहा. १९४८ चं कार्टून तत्काळ खटकतं, १९४१ चा पुतळा मात्र अजूनही क्षणभर फसवतो. त्याचा चेहरा हलत नाही, हातपाय हलत नाहीत, तरीही फसवतो. कारण त्याला गुरुत्वाकर्षणच खाली खेचत होतं आणि त्याच्यावर पडलेलं ऊन खरं होतं.

सुपरहिरोपट किती टिकतो हे त्याच्या सालावर फारसं ठरत नाही, असं माझं ठाम मत आहे. कॅमेऱ्यासमोर खरं वजन आणि खरा प्रकाश किती होता, आणि नव्हता तिथे तो किती काटेकोरपणे मोजून भरला, यावर ते ठरतं.

आपला मेंदू या बाबतीत कडक परीक्षक आहे. स्वीडिश मानसशास्त्रज्ञ गुन्नार योहान्सन यांनी १९७३ मध्ये दाखवून दिलं, की अंधारात चालणाऱ्या माणसाच्या सांध्यांवर लावलेले डझनभर प्रकाशबिंदू तेवढे दिसले, तरी पाहणारा 'माणूस चालतोय' हे झटकन ओळखतो. बिंदू स्थिर असले तर काहीच कळत नाही. गुरुत्वाकर्षणाचं तसंच. १९९८ च्या न्यूरोलॅब या अंतराळ मोहिमेत अंतराळवीरांना चेंडू झेलायला दिला होता. तिथे चेंडू एकसारख्या वेगाने येत असूनही त्यांचे हात गरजेपेक्षा आधी सरसावत. पडणारी वस्तू वेग घेत जाणारच, हा हिशोब मेंदूने आधीच मांडून ठेवलेला असतो. पडद्यावरचा नायक हा हिशोब मोडतो तेव्हा नेमकं काय चुकलं हे प्रेक्षकाला सांगता येत नाही, पण 'हे खोटं आहे' एवढं त्याला लगेच कळतं.

आता १९७८ च्या 'सुपरमॅन'कडे येऊ. दिग्दर्शक रिचर्ड डॉनर, नायक ख्रिस्तोफर रीव्ह. यातली उड्डाणं एकाच युक्तीने साधलेली नाहीत. तारा, क्रेन, निळा पडदा, छोट्या प्रतिकृती, सगळं वापरलं आहे. पण सर्वांत कल्पक भाग होता फ्रंट प्रोजेक्शन. त्याची मांडणी अशी: कॅमेऱ्यासमोर ४५ अंशांत अर्धपारदर्शक आरसा. प्रोजेक्टर बाजूला, काटकोनात. त्याने फेकलेलं आकाशाचं चित्र आरशावर आपटून पुढे जातं, नटाच्या अंगावर आणि त्याच्या मागच्या पडद्यावर पडतं. हा पडदा अतिसूक्ष्म काचमण्यांचा. रस्त्यावरच्या चमकणाऱ्या फलकांत असतं तेच स्कॉचलाइट जातीचं साहित्य. त्याचा गुण हा, की प्रकाश ज्या दिशेने आला त्याच दिशेने तो जवळजवळ सगळा परत पाठवतो. म्हणून कॅमेऱ्याला मागचं चित्र लखलखीत दिसतं. नटाच्या कपड्यांवरही तेच चित्र पडलेलं असतं, पण कापड प्रकाश चहूकडे उधळतं. कॅमेऱ्याकडे येणारा वाटा इतका क्षीण, की नटावरच्या दिव्यांपुढे तो उमटतच नाही. नटाची सावली? ती पडते, पण बरोबर त्याच्या पाठीमागे. कॅमेरा आणि प्रोजेक्टर प्रकाशाच्या दृष्टीने एकाच बिंदूवर असल्यामुळे ती कधी दिसत नाही.

अर्थात हा 'एकच बिंदू' साधला तरच. जुळणी थोडी जरी हलली, तरी नटाच्या एका कडेला काळी रेघ उमटते. जुन्या चित्रपटांत माणसाभोवती दिसणारी गडद किनार काही वेळा यातूनही येते.

दृश्यपरिणामांचे तंत्रज्ञ झोरान पेरिसिक यांनी या मांडणीत एक भर घातली आणि तिला झॉप्टिक नाव मिळालं. कॅमेरा आणि प्रोजेक्टर दोघांनाही झूम लेन्स लावायची आणि दोन्ही एकमेकींशी जखडून टाकायच्या. प्रोजेक्टर पडद्यावरचं चित्र लहान करत जातो, कॅमेरा त्याच प्रमाणात जवळ झूम करतो. पार्श्वभूमी फ्रेममध्ये आहे तेवढीच राहते, पण मधला नट मोठा होत जातो. नट जागचा न हलता प्रेक्षकाच्या दिशेने उडत येतो! मर्यादाही उघड आहे. झूममुळे आकार बदलतो, दृष्टिकोन बदलत नाही. खरोखर जवळ येणाऱ्या माणसाचा पुढे केलेला हात धडापेक्षा झपाट्याने मोठा होतो. इथे सगळं शरीर सारख्याच प्रमाणात फुगतं. त्यामुळे हे शॉट छोटे ठेवणंच शहाणपणाचं असतं.

निळ्या पडद्याची अडचण तर पोशाखातच होती. निळा रंग गाळून पार्श्वभूमी काढायची, तर नायकाचा निळा अंगरखाही गळून जाणार. म्हणून त्या शॉटसाठी हिरवट छटेचा, निळसर-पोपटी पोशाख शिवला आणि नंतर रंग दुरुस्त केला. काही दृश्यांत अंगरख्याची छटा बदलते ती यामुळे.

आणि रीव्ह. तो स्वतः वैमानिक होता. हवेत वळण घेताना तो आधी शरीर कलंडवतो आणि मग वळतो. हा अभिनयाचा बारकावा खरं तर गणितात बसतो. सेकंदाला ५० मीटर वेगाने २५० मीटर त्रिज्येचं वळण घ्यायचं असेल, तर सुमारे ४५ अंश कलावं लागतं. ही सवय आपण पक्ष्यांत आणि विमानांत आयुष्यभर पाहिलेली असते. आता संगणकावर रचलेला नायक घ्या: सेकंदाला २०० मीटर वेग आणि २० मीटर त्रिज्येत गर्रकन वळण. तिथे त्वरण गुरुत्वाच्या दोनशे पट होतं. नायक अमर असेलही, पण त्याचा झगा, केस, आजूबाजूची हवा यांच्यावर त्या दोनशे पटींची खूण दिसत नाही. डोळ्याला तो नायक कागदाइतका हलका वाटतो.

जुन्याची उणीव प्रतिकृतींत दिसते, आणि तीही भौतिकशास्त्रातूनच येते. १६ मीटर उंचीवरून पडणाऱ्या वस्तूला जमिनीवर यायला १.८ सेकंद लागतात. तिची सोळापट लहान प्रतिकृती केली तर उंची उरते एक मीटर, आणि पडायला लागतात फक्त ०.४५ सेकंद. म्हणून नियम असा: प्रमाणाचं वर्गमूळ घ्यायचं आणि तितक्या पटीने वेगात चित्रण करायचं. सोळाचं वर्गमूळ चार. म्हणजे सेकंदाला २४ ऐवजी ९६ फ्रेम. नेहमीच्या वेगाने दाखवल्यावर मोडणारी भिंत वजनदार वाटते. हे तंत्र दगडमातीला लागू पडतं, पाण्याला नाही. पाण्याचा थेंब किती मोठा होणार हे पृष्ठताण ठरवतो, आणि तो प्रतिकृतीबरोबर लहान होत नाही. सोळापट लहान धरणावरून उडालेला पाच मिलिमीटरचा थेंब पडद्यावर आठ सेंटिमीटरचा दिसतो. १९७८ च्या 'सुपरमॅन'मधला धरणफुटीचा प्रसंग डेरेक मेडिंग्ज यांच्यासारख्या प्रतिकृतींतल्या निष्णात माणसाच्या हातचा असूनही कमकुवत भासतो तो इथेच. मोठं पाणी, धूर, आग या तिन्ही बाबतींत आजचं संगणकीय अनुकरण निःसंशय सरस आहे.

मारामारीतही नवे चित्रपट पुढे आहेत, आणि त्याचं कारण अगदी साधं आहे. १९८९ च्या 'बॅटमॅन'मध्ये मुखवटा, मान आणि खांदे सलग रबरी होते. मायकल कीटनला मान वळवायची तर अख्खं धड वळवावं लागे. २००८ च्या 'द डार्क नाइट'साठी मुखवटा मानेपासून सुटा केला, तेव्हा कुठे बॅटमॅनला बाजूला पाहता आलं. याच चित्रपटात शिकागोच्या रस्त्यावर अजस्र ट्रक प्रत्यक्ष उलटवला, ट्रेलरमध्ये बसवलेल्या पिस्टनच्या धक्क्याने. ट्रक उभा होतो तेव्हा माथ्यावर क्षणभर रेंगाळतो. हे रेंगाळणं कुणी रचलेलं नाही. ते वस्तुमानाचं आहे.

जुन्या-नव्याच्या सांध्यावर मी २००४ चा 'स्पायडर-मॅन २' ठेवतो. डॉक्टर ऑक्टोपसचे यांत्रिक हात जवळच्या दृश्यांत खरोखर बनवलेले होते आणि पडद्याआडून कळसूत्री कलावंत ते हलवत. आल्फ्रेड मोलिनाच्या अंगाला ते खरेच ओढत, त्याचा तोल खरेच जात असे. दूरच्या दृश्यांतले हात संगणकीय, पण त्यांना अनुकरणासाठी खरा नमुना मिळाला. चेहऱ्यासाठी संगणकीय चित्रणाचे संशोधक पॉल डेबेव्हेक यांची लाइट स्टेज ही दिव्यांची रचना वापरली. नटाच्या चेहऱ्यावर एकेका दिशेने प्रकाश टाकून शेकडो छायाचित्रं घ्यायची. प्रकाशाची बेरीज होते, हा इथला मूळ मुद्दा. दोन दिव्यांखालचं चित्र म्हणजे त्या दोन वेगवेगळ्या दिव्यांखालच्या चित्रांची बेरीज. त्यामुळे हीच छायाचित्रं योग्य प्रमाणात मिसळली, की संध्याकाळचं ऊन असो वा रस्त्यावरचा दिवा, कोणत्याही प्रकाशात तो चेहरा उभा करता येतो. शिवाय त्वचेत प्रकाश थोडा आत शिरतो, विखुरतो आणि शेजारून बाहेर पडतो. हे गणिताने मांडण्याची व्यवहार्य रीत २००१ मध्ये प्रसिद्ध झाली. त्याआधीचे संगणकीय चेहरे मेणाचे किंवा प्लॅस्टिकचे वाटतात त्याचं हे मोठं कारण.

तरीही वजनाचा प्रश्न सुटलेला नाही. हल्कसारखं पात्र घ्या. १.८ मीटरचा, ८० किलोचा माणूस अडीचपट उंच केला, तर वजन अडीचच्या घनाने वाढतं: सुमारे १,२५० किलो. हाडांचा काटछेद मात्र वर्गानेच, सव्वासहा पट. आणि पाय लंबकासारखा झुलत असल्याने एका पावलाला सुमारे १.६ पट वेळ लागायला हवा. मोशन कॅप्चरमध्ये, म्हणजे नटाची हालचाल नोंदवून ती संगणकीय पात्राला देण्याच्या तंत्रात, ही हालचाल साध्या उंचीच्या नटाकडून घेतलेली असते. ती तशीच राक्षसावर चढवली तर राक्षस तुरुतुरु चालतो आणि रबरी वाटतो. हळू केली तर कथेतली चपळाई जाते. चांगले ॲनिमेटर पाऊल संथ ठेवतात आणि ठोसा तेवढा वेगवान करतात.

कॅमेऱ्याचीही तीच गोष्ट. सेकंदाला २४ फ्रेम आणि नेहमीचं १८० अंशांचं, म्हणजे निम्मा वेळ उघडं राहणारं शटर असेल, तर प्रत्येक फ्रेम १/४८ सेकंद प्रकाश घेते. तेवढ्यात ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी ३५ सेंटिमीटर सरकते आणि फ्रेमवर तेवढा फराटा उमटतो. संगणकाला हा फराटा वेगळा मोजून घालावा लागतो, आणि तो कमी पडला की दृश्य तुटक दिसतं. त्याहून मोठी चूक म्हणजे वस्तुमान नसलेला कॅमेरा: इमारतीतून आरपार जाणारा, नायकाभोवती क्षणात तीन फेऱ्या मारणारा. १९७८ मध्ये कॅमेरा क्रेनवर किंवा हेलिकॉप्टरमध्ये होता, त्याला वेग घ्यायला आणि थांबायला वेळ लागे. तो विलंब प्रेक्षकाला 'इथे कुणीतरी उभं राहून पाहतंय' असं सांगतो.

गंमत म्हणजे फ्रंट प्रोजेक्शनची मूळ कल्पना आता एलईडी भिंतींच्या रूपाने परत आली आहे. २०२२ च्या 'द बॅटमॅन'मध्ये शहराच्या क्षितिजाची काही दृश्यं अशा भिंतींसमोर टिपली. नटामागे खरं चित्र, आणि या वेळी त्या चित्राचा उजेड नटाच्या अंगावर दिसतोही. काळ्या चकचकीत मुखवट्यावर हे प्रतिबिंब फार महत्त्वाचं. दोष मात्र नवे आहेत. भिंतीवर नेमका फोकस झाला, तर तिच्या ठिपक्यांची जाळी आणि कॅमेऱ्याच्या सेन्सरची जाळी एकमेकींत अडकून लहरी उमटतात, म्हणून भिंत किंचित धूसर ठेवायची. एलईडीचा प्रकाश लाल, हिरव्या आणि निळ्याच्या अरुंद पट्ट्यांचा असल्याने त्वचेचा रंग बिघडतो, म्हणून चेहऱ्यासाठी पूर्ण वर्णपटाचे वेगळे दिवे लावायचे. आणि कॅमेरा हलल्यावर भिंतीवरचं चित्र बदलायला काही फ्रेमचा उशीर होतो; झटक्याने वळवला तर पार्श्वभूमी मागे रेंगाळते. छायाचित्रकाराला पुन्हा कॅमेरा जपून हलवावा लागतो, आणि दृश्याला त्याचा फायदाच होतो.

घरच्या मोठ्या पडद्यावर तुलना करताना एक बाब ध्यानात घ्या. ३५ मिमी फिल्मचं निगेटिव्ह पुन्हा ४के, म्हणजे सुमारे चार हजार पिक्सेल रुंदीच्या दर्जात स्कॅन करता येतं. 'सुपरमॅन'ची तशी आवृत्ती २०१८ मध्ये निघाली. या शतकाच्या सुरुवातीचे अनेक चित्रपट मात्र २के म्हणजे २,०४८ पिक्सेल रुंदीतच पूर्ण झाले, आणि त्यांतले संगणकीय शॉट पुन्हा तयार केल्याशिवाय त्यांत नवा तपशील येऊ शकत नाही. उलट जुन्या चित्रपटांतले ऑप्टिकल शॉट, म्हणजे वेगवेगळ्या फिल्म एकत्र छापून जोडलेले शॉट, प्रत्येक प्रतीगणिक दाणेदार होत गेलेले असतात, त्यामुळे साध्या शॉटवरून उड्डाणाच्या शॉटवर जाताना चित्र अचानक मळकट होतं. तो दोष स्कॅनचा नाही.

स्वतः तपासायचं असेल तर पडण्याचे प्रसंग घ्या आणि घड्याळ लावा. हवेचा रोध सोडला तर दोन सेकंदांत २० मीटर, तीन सेकंदांत ४४ मीटर. तिथे वेग सेकंदाला २९ मीटर झालेला असतो. नायकाने त्या व्यक्तीला दहाव्या हिश्श्याच्या सेकंदात थांबवलं, तर तिच्यावर गुरुत्वाच्या तीसपट मारा होतो. दीड सेकंद घेतला तर दुप्पट, पण त्यासाठी तिला कवेत घेऊन आणखी सुमारे २२ मीटर खाली यावं लागेल. नायक तेवढं खाली येतो का, ते पाहा. मग पायांकडे पाहा: टाच टेकते तिथे सावली घट्ट आणि गडद होते का, माती दबते का, गुडघा वाकतो का.