पंधरा वर्षांच्या मोटरसायकलचं रिपासिंग : अर्ज, कागदपत्रं आणि तपासणीत नेमकं काय बघतात

२०१० आणि २०११ मध्ये नोंदलेल्या शंभर सीसीच्या गाड्यांची पंधरा वर्षं आता भरली आहेत किंवा भरत आली आहेत. त्यातल्या कित्येकांच्या आरसी बुकवर अजून ‘हिरो होंडा’ हेच नाव आहे. ती भागीदारी संपल्याची घोषणा डिसेंबर २०१० मध्ये झाली आणि पुढच्या वर्षी कंपनीचं नाव बदललं. स्प्लेंडर, पॅशन, प्लॅटिना, डिस्कव्हर, स्टार सिटी अशा या गाड्या आजही दुधाला जातात, शेतावर जातात, एमआयडीसीत रात्रपाळीला जातात. घरातली कमाई ज्या गाडीवर चालते तिची नोंदणी एका तारखेला संपते, आणि बहुतेकांना हे नाक्यावर पोलिसाने थांबवल्यावरच कळतं.

एक गैरसमज आधी दूर करू. पंधरा वर्षं झाली म्हणून महाराष्ट्रात गाडी भंगारात द्यावी लागत नाही. पेट्रोल गाड्यांवरचा पंधरा वर्षांचा निर्बंध दिल्ली आणि राजधानी परिसरापुरता आहे. आपल्याकडे मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ४१ प्रमाणे खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांसाठी असते आणि पुढे तपासणीत पास झाली की पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. पाच वर्षांनी पुन्हा तीच प्रक्रिया. यालाच आपण रिपासिंग म्हणतो. पंधरा वर्षं मोजायची ती नोंदणीच्या तारखेपासून. आरसी बुकवर किंवा कार्डावर वैधतेची तारीख छापलेली असते, ती आजच बघून ठेवा.

कधी आणि किती

नूतनीकरणाचा अर्ज म्हणजे नमुना २५. मुदत संपायच्या ६० दिवस आधीपासून तो करता येतो, त्याच्या आधी नाही. हे साठ दिवस वाया घालवू नका, कारण मुदत उलटली की मोटरसायकलला दरमहा ३०० रुपये विलंब शुल्क लागतं आणि महिन्याचा एक दिवस गेला तरी पूर्ण महिना धरतात. वर्षभर गाडी तशीच चालवली तर ३,६०० रुपये झाले, म्हणजे मूळ शुल्काच्या साडेतीनपटीहून जास्त. मूळ शुल्क १,००० रुपये आहे. एप्रिल २०२२ पासून हा दर लागू झाला. गाडी वीस वर्षांपेक्षा जुनी असेल तर ऑगस्ट २०२५ च्या दुरुस्तीनंतर तेच शुल्क २,००० रुपये झालं आहे. स्मार्ट कार्डाचे २०० रुपये वेगळे.

याशिवाय महाराष्ट्रात पर्यावरण कर आहे, लोक त्याला ग्रीन टॅक्स म्हणतात. पंधरा वर्षांवरच्या दुचाकीला तो पाच वर्षांसाठी २,००० रुपये बसतो. गाडी घेताना एकरकमी कर भरला होता, मग हा कशाला, असा प्रश्न सगळेच विचारतात. तो कर वेगळा आणि हा वेगळा. पैसे भरताना परिवहनच्या पोर्टलवर जी रक्कम दिसते तीच अंतिम. त्यापेक्षा जास्त कोणी मागितलं तर पावती मागा.

नोंदणी संपलेली गाडी रस्त्यावर आणली तर कलम १९२ खाली पहिल्यांदा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. पण दंडापेक्षा मोठी भीती अपघाताची आहे. नोंदणीच वैध नसली की विमा कंपनीला दावा अडवायला आयतं कारण मिळतं.

कागदपत्रं

मूळ आरसी, चालू विमा, चालू पीयूसी, पत्त्याचा पुरावा, पॅन कार्ड (नसल्यास नमुना ६०), चेसिस नंबरची पेन्सिल प्रिंट (नंबरवर कागद ठेवून पेन्सिलने घासून घेतलेला ठसा) आणि सही केलेला नमुना २५. विमा निदान थर्ड पार्टीचा हवा. ७५ ते १५० सीसीच्या दुचाकीला २०२२ च्या दरपत्रकानुसार त्याचा वर्षाचा हप्ता ७१४ रुपये आहे, वर जीएसटी. एप्रिल २०१९ आधीच्या गाडीला नवी उच्च सुरक्षा नंबर प्लेटही बसवलेली हवी. दुचाकीला ती ४५० रुपये अधिक जीएसटी, म्हणजे ५३१ रुपयांत येते. ई-चलन थकलं असेल तर तेही आधी भरून टाका, नाहीतर अर्ज तिथेच अडतो.

ज्यांचे कागद सरळ आहेत त्यांचा अर्ज पोर्टलवर फारसा वेळ घेत नाही. गाडी नंबर आणि चेसिस नंबरचे शेवटचे पाच आकडे टाकायचे, मोबाइलवर ओटीपी येतो, माहिती तपासून पैसे भरायचे आणि तपासणीची तारीख घ्यायची. पण जुन्या गाडीचे कागद सरळ असतातच असं नाही, आणि अर्ज मागे येतात ते बहुतेक कागदांपायी.

पहिली अडचण मोबाइल नंबरची. नोंदणीच्या वेळी शोरूमवाल्याने भलताच नंबर टाकलेला असतो किंवा टाकलेलाच नसतो, त्यामुळे ओटीपी येत नाही. आधी पोर्टलवर नंबर बदलून घ्या. दुसरी अडचण कर्जाची. हप्ते कधीच फिटले, पण आरसीवर बँकेचं किंवा फायनान्स कंपनीचं नाव तसंच राहिलं. त्यासाठी नमुना ३५ आणि बँकेचा ना-हरकत दाखला देऊन बोजा उतरवून घ्यावा लागतो. फायनान्स कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन झाली असेल तर दाखला मिळवण्यातच आठवडे जातात, म्हणून हे काम साठ दिवसांची मुदत सुरू व्हायच्याही आधी हाती घ्या.

तिसरी अडचण सगळ्यांत नाजूक. गाडी वडिलांच्या नावावर आहे आणि वडील आता नाहीत. अशा वेळी त्यांच्या नावाने अर्ज करू नका, सही तर अजिबात करू नका. नमुना ३१ भरून गाडी वारसाच्या नावावर करायची असते. मृत्यूचा दाखला, वारसांचा पुरावा आणि बाकीच्या वारसांची संमती लागते. नियमाप्रमाणे मृत्यूची खबर तीस दिवसांत कळवायची आणि हस्तांतराचा अर्ज तीन महिन्यांत करायचा असतो. दुःखाच्या त्या दिवसांत गाडीच्या कागदांचं कोणाला सुचणार? उशीर झाला असला तरी हस्तांतर होतं, फक्त त्याचं शुल्क वाढतं. सेकंडहँड घेतलेली आणि कधीच नावावर न केलेली गाडी असेल तर नमुना २९ आणि ३० लागतात, त्यावर मूळ मालकाची सही हवी. तो माणूस सापडेपर्यंत पुढचं काही हलत नाही.

गाडी आता ज्या जिल्ह्यात वापरता तिथल्याच कार्यालयात अर्ज करता येतो. पत्ता बदललेला असेल तर नमुना ३३ सोबत द्या. पुण्यात नोंदलेली आणि आता बेळगाव किंवा मडगावला कायमची नेलेली गाडी असेल तर राज्य बदलतं, मग आधी नमुना २८ चा ना-हरकत दाखला काढावा लागतो.

तपासणीच्या दिवशी

गाडी समोर न्यावीच लागते. तालुक्याच्या ठिकाणी परिवहन कार्यालयाचा मासिक कॅम्प भरतो, तिथेही हे काम होतं का ते आधी विचारून घ्या. जिल्ह्याला खेटा घालणं वाचेल.

मोटार वाहन निरीक्षक सगळ्यांत आधी नंबर बघतात. स्प्लेंडरसारख्या गाडीत चेसिस नंबर हँडलच्या खाली, मुंडीच्या उजव्या बाजूला ठोकलेला असतो आणि इंजिन नंबर डावीकडे इंजिनच्या खालच्या अंगाला. गाडीला मध्ये कधी रंग मारला असेल तर चेसिस नंबरवर रंगाचा थर बसलेला असतो. रॉकेलचा बोळा आणि मऊ ब्रश घेऊन हळूहळू साफ करा, पॉलिश पेपर घासू नका. आकडे गंजून गेले असतील तर गॅरेजमध्ये परस्पर पुन्हा ठोकून घेऊ नका. त्यासाठी कार्यालयाची परवानगी लागते आणि परवानगीशिवाय ठोकलेला नंबर चोरीच्या गाडीसारखा दिसतो. इंजिनाचं काम झालं असेल, बोअर-पिस्टन बदललं असेल, तर काळजी नाही, कारण नंबर क्रँककेसवर, म्हणजे इंजिनच्या खालच्या कवचावर असतो. क्रँककेसच किंवा पूर्ण इंजिन बदललं असेल तर मात्र आरसीवर तशी नोंद हवी.

पुढे दिवे, इंडिकेटर, ब्रेक लाइट, हॉर्न, दोन्ही आरसे, स्पीडोमीटर, सायलेन्सर, साडी गार्ड, मागे बसणाऱ्यासाठी पकडायची दांडी आणि पाय ठेवायच्या दांड्या. दुचाकीच्या टायरची नक्षी निदान ०.८ मिलिमीटर खोल हवी. दुधाच्या कॅनसाठी जोडलेली लोखंडी फ्रेम, कर्कश हॉर्न आणि बदललेला सायलेन्सर काढूनच गाडी न्या. जुन्या गाडीला एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) किंवा सीबीएस (दोन्ही ब्रेक एकत्र लावणारी यंत्रणा) नाही, दिवसा आपोआप दिवा लागत नाही, म्हणून कोणी नापास करत नाही. ते नियम २०१७ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाले आणि नव्या गाड्यांसाठी आहेत.

नापास झाली तर निरीक्षक दोष लिहून देतात. तो कागद फेकू नका. दुरुस्ती करून गाडी पुन्हा दाखवायची असते.

पास झाली म्हणजे भरवशाची झाली का?

माझं मत सरळ आहे : नाही. तपासणी त्या दिवशी गाडी रस्त्यावर चालायला योग्य आहे एवढंच सांगते. पुढची पाच वर्षं तुम्ही आणि मागे बसलेलं माणूस कोणत्या गाडीवर असणार आहात, हे तुम्हालाच बघावं लागेल. मिस्त्रीकडे नेण्याआधी काही गोष्टी घरीच कळतात.

गाडी मधल्या स्टँडवर लावा. कोणाला तरी मागे दाबून धरायला सांगा, म्हणजे पुढचं चाक उचललं जाईल. मग फोर्क खालून दोन्ही हातांनी पकडून पुढे-मागे हलवा. ‘टक’ असा धक्का हाताला जाणवला तर कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं तो बेअरिंगचा सेट, ढिला झाला आहे किंवा संपला आहे. आता हँडल हळू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. मध्यभागी अडकल्यासारखं वाटलं तर गोळ्यांनी पट्टीत खड्डे पाडले आहेत, तो सेट बदलावाच लागतो. मागचं चाक आडवं हलवून बघा. चाकासोबत स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा दांडा) हलत असेल तर त्याचे बुश गेले. मागच्या स्प्रॉकेटच्या (चेनच्या दातेरी चक्राच्या) अगदी शेवटच्या दातावर चेन बोटांनी मागे ओढा. अर्धा दात उघडा पडला तर चेन ताणली आहे, आणि नुसती चेन बदलून भागत नाही, पूर्ण सेट घ्या. ब्रेक पूर्ण दाबून ड्रमच्या प्लेटवरची खूण बघा. बाण खुणेला टेकला असेल तर शू संपले.

पीयूसीचा कागद तर बहुतेक जण वाचतही नाहीत, निकाल बघून खिशात टाकतात. त्यावर कार्बन मोनॉक्साइडचं प्रमाण आणि हायड्रोकार्बनचा आकडा छापलेला असतो. एप्रिल २००० नंतरच्या आणि बीएस-४ च्या (बीएस म्हणजे धुराच्या प्रदूषणाची सरकारी मानकं) आधीच्या फोर-स्ट्रोक दुचाकीला मर्यादा अनुक्रमे ३.५ टक्के आणि ४,५०० पीपीएम आहे. कार्बन मोनॉक्साइड वाढलं असेल तर पेट्रोल जास्त जातंय, एअर फिल्टर बघा, कार्ब्युरेटर साफ करून घ्या. हायड्रोकार्बन वाढलं असेल तर प्लग किंवा टायमिंगचा दोष असू शकतो, आणि सोबत निळा धूर असेल तर पिस्टनच्या रिंगांचा. बीएस-३ पर्यंतच्या गाडीची पीयूसी सहा महिन्यांची असते, त्यामुळे वर्षातून दोनदा इंजिनाची तब्येत कळते. आधीचे कागद जपून ठेवले तर आकडा चढतोय की स्थिर आहे तेही दिसतं.

ई-२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलमुळे जुन्या गाडीच्या रबरी भागांकडेही लक्ष द्या. टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतची नळी कडक झाली, भेगाळली किंवा पेट्रोलचा वास येत असला तर लगेच बदला. काम फार थोड्या खर्चाचं आहे.

खर्च करायचा की नाही हे इंजिनावर ठरवू नका, चेसिसवर ठरवा. शंभर सीसीचं इंजिन पुन्हा उभं राहतं, त्याचे सुटे भाग तालुक्यात मिळतात. पण सीटखाली, बॅटरीच्या पेटीजवळ, मधल्या स्टँडच्या जोडाशी चेसिस गंजून पापुद्रे सुटत असतील, वेल्डिंगचे जुने डाग दिसत असतील, तर त्या गाडीवर आणखी पैसे घालू नका. किनारपट्टीवरच्या गाड्यांत, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, गोव्यात, हे हमखास बघा.

अशी गाडी ओळखीच्या भंगारवाल्याला देऊन मोकळं होऊ नका. तिचा नंबर तुमच्या नावावर राहतो आणि पुढे त्या नंबरने जे काही होईल त्याची चौकशी तुमच्या दारात येते. नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात दिली तर जमा प्रमाणपत्र मिळतं. त्यावर आरसी रद्द करून घेता येते आणि नवी गाडी घेताना करात सवलत मागता येते. गाडी तिथे नेण्याआधी थकलेली चलनं आणि बँकेचा बोजा मिटवलेला हवा.